शून्यांची नासाडी

एक लाख समीकरणं आहेत आणि एक लाख चलं. प्रत्येक समीकरणात जेमतेम पाच-सहा चलं येतात, बाकी सगळ्यांचे सहगुणक शून्य. कशी सोडवाल?

नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेताना हा प्रश्न मी हमखास विचारते. आमचं काम पूल, टाक्या, छपरं यांच्यातले ताण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे, तेव्हा प्रश्न हवेतला नाही. समोर बसलेली मुलं हुशार असतात, मार्कही भरघोस असतात. आणि बहुतेक जण एका दमात एकच उत्तर देतात : ‘मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढायचा आणि उजव्या बाजूला गुणायचा.’ काही जण ‘पायथनमध्ये लायब्ररी आहे’ म्हणतात, जे निदान खरं तरी असतं. ‘शून्यं नेमकी कुठेकुठे आहेत?’ असं मला उलट विचारणारा उमेदवार वर्षाकाठी एखादा.

त्या इन्व्हर्सचं काय होतं ते बघा. मूळ मॅट्रिक्समध्ये शून्य नसलेले आकडे पाच-सहा लाख. सगळे मिळून पाचेक एमबी, म्हणजे तुमच्या फोनमधल्या एका फोटोएवढे. इन्व्हर्स काढला की त्यात शून्यं जवळपास उरतच नाहीत. ते साहजिकच आहे : पुलावर एका जागी भार टाकला की सगळा पूल थोडाथोडा हलतो, आणि इन्व्हर्स म्हणजे प्रत्येक जागेचा प्रत्येक जागेवर होणारा परिणाम. एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे एक हजार कोटी आकडे, म्हणजे ८० जीबी. फोटोएवढी माहिती घेऊन तुम्ही तिचा डोंगर केलात, आणि हवं होतं ते उत्तर मात्र फक्त एक लाख आकड्यांचं होतं.

या मुलांवर मला राग नाही. त्यांना जे शिकवलं तेच ती सांगतात. राग आहे तो शिकवण्याच्या त्या पद्धतीवर, जी दहावीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत एकसामयिक समीकरणं शिकवते आणि त्यातला मुख्य प्रश्न एकदाही विचारत नाही.

दहावीत आपण क्रेमरची पद्धत शिकतो. निश्चयक मांडा, भागाकार करा, दोन चलांची उत्तरं तयार. दोन चलांना काही बिघडत नाही. पण ती पद्धत कुठे थांबते हे कोणी सांगत नाही. वीस चलं घ्या. निश्चयक व्याख्येप्रमाणे उलगडला तर वीसच्या फॅक्टोरियलएवढी पदं होतात, प्रत्येक पदात १९ गुणाकार, आणि असे २१ निश्चयक. सेकंदाला एक हजार कोटी गुणाकार करणारा लॅपटॉप धरला तरी सुमारे ३,००० वर्षं लागतील. तीच वीस समीकरणं एकेका चलाचा लोप करत सोडवली, तर सुमारे ३,००० गुणाकार-भागाकारांत काम होतं. तीन हजार वर्षं आणि तीन हजार गुणाकार. हा फरक दहावीच्या मुलाला कळणार नाही असं मला कोणी सांगू नये.

बारावीत इन्व्हर्जन मेथड आणि रिडक्शन मेथड शेजारी शेजारी बसतात, परीक्षेत दोघींना सारखा मान. पुढे इलेक्ट्रिकलच्या मुलांना तीन बसच्या ग्रिडवर गॉस-सायडेलची दोन आवर्तनं कॅल्क्युलेटरने करायला लावतात, आणि दशांशाची चौथी जागा चुकली की मार्क कापतात. यात कुठेही, एकाही पायरीवर, ‘आधी कुणाचा लोप करायचा?’ हा प्रश्न येत नाही. पुस्तकातलं उत्तर ठरलेलं : आधी एक्स, मग वाय, मग झेड. जणू बाराखडीच आहे.

तर हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

एका गावात एक वाणी आहे आणि हजार गिऱ्हाइकं. प्रत्येकाचा हिशेब फक्त वाण्याशी, आपसात कुणाचं काही देणंघेणं नाही. लोप करणं म्हणजे हिशेबातून एकेकाला मोकळं करणं. पण ज्याला मोकळं कराल त्याच्याशी जोडलेल्यांचे हिशेब आता थेट एकमेकांशी जुळवावे लागतात, कारण मधला दुवा गेला. गिऱ्हाइकं एकेक करून मोकळी केलीत तर काहीच गुंता नाही. प्रत्येकाचा दुवा एकट्या वाण्याशी, तो वहीत नोंद करतो आणि पुढचा घेतो. आता उलट करा. वाण्यालाच पहिल्यांदा गावाबाहेर काढा. हजार गिऱ्हाइकांना आपसात हिशेब मांडावे लागतील. ४,९९,५०० नवे हिशेब, जे मुळात नव्हतेच. गाव तेच, उधारी तीच, शेवटची उत्तरंही तीच. बदलला तो फक्त क्रम.

हे जे नवे हिशेब उपटतात, म्हणजे जिथे शून्य होतं तिथे लोप करताना नवा आकडा येऊन बसतो, त्याला या विषयात फिल-इन म्हणतात. आपण त्याला भर म्हणू. विरळ समीकरणं थेट सोडवण्याचं सगळं शास्त्र या भरीशी चाललेलं भांडण आहे.

आता खरा आकार घेऊ. एक चौरस पत्रा, त्यावर हजार बाय हजार बिंदूंची जाळी, प्रत्येक बिंदूचं तापमान फक्त वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या शेजाऱ्यावर अवलंबून. दहा लाख चलं. शून्यांकडे दुर्लक्ष करून गॉसचा लोप चालवलात तर वर उल्लेखलेला लॅपटॉप एक वर्ष चालेल, आणि मॅट्रिक्स ठेवायलाच ८ टेराबाइट जागा लागेल. ओळीओळीने क्रमाने गेलात आणि पट्ट्याबाहेरची शून्यं सांभाळलीत, तर काम मिनिट-दीड मिनिटावर येतं, जागा ८ जीबी. आणि तिसरा मार्ग ॲलन जॉर्ज यांनी १९७३ मध्ये मांडला, नेस्टेड डिसेक्शन. इंग्रजी नावाला घाबरू नका, कल्पना आपल्या भावकीतली आहे. शेताच्या मधोमध बांध घाला. बांधावरच्या बिंदूंचा निकाल सगळ्यात शेवटी लावायचा. बांधाच्या दोन्ही बाजू एकमेकींना ओळखत नाहीत, त्यामुळे इकडची भर तिकडे जात नाही. मग प्रत्येक तुकड्यात पुन्हा बांध, त्या तुकड्यांत पुन्हा. बांधाचा वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शेवटपर्यंत राहतो. इथे तो मुद्दाम शेवटी ठेवलेला आहे. हिशेब सेकंदाच्या आसपास उतरतो, जागा ६०० एमबीच्या आगेमागे. प्रत्यक्ष यंत्रावर आकडे थोडे हलतात, पण उतरंड हीच.

वर्षावरून सेकंदावर. यंत्र तेच. हाच फायदा नुसत्या वेगवान यंत्रांनी मिळवायचा म्हटलं आणि यंत्रं दर दोन वर्षांनी दुप्पट वेगवान होतात असं उदारपणे धरलं, तर पन्नास वर्षं थांबावं लागेल. ते श्रेय मात्र सगळं चिपवाल्यांच्या खात्यात जमा होतं. दर दिवाळीत नवा प्रोसेसर येतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

टाळ्यांवरून आठवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ जगातल्या महासंगणकांच्या टॉप-५०० यादीत ६३वा आला, तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला. व्हायलाच हवा होता. पण ती यादी कशावर ठरते? लिनपॅक नावाच्या चाचणीवर, म्हणजे एक प्रचंड, भरगच्च, एकही शून्य नसलेला समीकरणसंच सोडवण्यावर. पूल, ग्रिड, जलवाहिन्या, नकाशे, यांपैकी कशाचंही मॅट्रिक्स तसं नसतं. शून्यं नसलेल्या पटांगणावर कोण जोरात धावतो हे बघून आपण डोंगर कोण चढेल ते ठरवतो.

हा विषय कुणा हस्तिदंती मनोऱ्यातल्या गणितज्ञांनी घडवला नाही, हेही शिकवलं जात नाही. तो घडवला पैमाईश करणाऱ्यांनी, वीज पुरवणाऱ्यांनी, पैशाचा हिशेब करणाऱ्यांनी. हॅरी मार्कोविट्झ हे नाव शेअर बाजारातल्या पोरांना पाठ असतं. पोर्टफोलिओचा सिद्धांत, १९९०चं नोबेल. त्याच मार्कोविट्झनी १९५७ मध्ये लिहून ठेवलं होतं की लोप करताना असा आकडा निवडा, ज्याच्या ओळीत आणि स्तंभात शून्य नसलेले आकडे सर्वांत कमी असतील. साधा नियम. आजही सॉल्व्हरांच्या पोटात तो वेगवेगळ्या रूपांत जिवंत आहे.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या टिनी आणि वॉकर यांनी तोच विचार वीजजाळ्याला लावला. उपकेंद्र म्हणजे बिंदू, वाहिनी म्हणजे दुवा. ज्या उपकेंद्राचे शेजारी सर्वांत कमी, त्याचा लोप आधी. याच वर्षी टिनी आणि हार्ट यांनी दाखवलं की असा क्रम लावला तर न्यूटनच्या पद्धतीने वीजप्रवाहाचा हिशेब मोजक्या आवर्तनांत लागतो. गॉस-सायडेलचं राज्य तिथे संपलं. आपल्या वर्गात ते अजून चालू आहे. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रासारख्या ठिकाणी ‘ही एक वाहिनी बंद पडली तर बाकीच्यांवर किती भार येईल?’ असे प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावे लागतात. इथे थेट पद्धतीचं मोठेपण दिसतं : मॅट्रिक्सचे अवयव एकदाच पाडायचे, ते जपून ठेवायचे, आणि एक वाहिनी काढली तर जुन्याच अवयवांवर छोटीशी दुरुस्ती करून उत्तर घ्यायचं. त्या कामासाठी ज्या मुलांना आपण तयार करतो, त्यांना परीक्षेत तीन बस आणि दोन आवर्तनं.

पैमाईशीचा धागा तर थेट आपल्या अंगणातून जातो. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमापन सुरू केलं, आणि १८२३ मध्ये तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्या त्रिकोणांच्या साखळ्या पुढे हिमालयापर्यंत गेल्या. राधानाथ सिकदारांनी केलेली शिखराच्या उंचीची गणितं बहुतेकांना ऐकून माहीत असतात. कमी माहीत असतं ते हे : एवढ्या त्रिकोणांच्या मोजमापांतल्या बारीक चुका एकमेकांशी जुळवून घ्यायच्या म्हणजे हजारो समीकरणं एकत्र सोडवायची, आणि हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसांना ते अशक्य होतं. म्हणून देशाचे पाच भाग पाडले, चार चौकोनी आणि दक्षिणेचा एक त्रिकोणी. एक भाग जुळवायचा, त्याची सीमा पक्की धरायची, मग पुढचा. तडजोड होती, पण शहाणी तडजोड. भाग पाडूनही काही न गमावता एकत्र उत्तर कसं मिळवायचं, हे जर्मनीच्या हेल्मर्टने १८८० मध्ये लिहिलं : प्रत्येक भागातली आतली चलं आधी संपवा, सीमेवरची शेवटी. बांध शेवटी. जॉर्जच्या त्र्याण्णव वर्षं आधी. आणि १९८६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या सगळ्या सर्वेक्षणबिंदूंची जुळणी नव्याने पूर्ण झाली तेव्हा, नऊ लाखांवर अज्ञातं असलेला तो संच हेल्मर्टच्याच वाटेने सोडवला गेला.

ज्याच्या नावाची फॅक्टरायझेशन आज प्रत्येक सॉल्व्हरमध्ये आहे, तो आंद्रे-लुई शोलेस्कीही पैमाईशवालाच, फ्रेंच तोफखान्यातला अधिकारी. त्याच्या पद्धतीचं हस्तलिखित २ डिसेंबर १९१०चं आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये तो युद्धात मारला गेला, ४२व्या वर्षी. पद्धत छापली गेली १९२४ मध्ये, एका सहकाऱ्याकडून. आपल्या पुस्तकांत त्याच्या नावाखाली तीन बाय तीनचं एक उदाहरण असतं, बस.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सगळ्यात लाडका : ‘हे सगळं कॉम्प्युटर करतो ना, मग आम्ही कशाला?’ कॉम्प्युटर करतो, पण तुम्ही त्याला सांगितलं तर. ओळखीतला एक पदव्युत्तर विद्यार्थी ५०,००० चलांचा संच साध्या भरगच्च मॅट्रिक्समध्ये ठेवत होता. २० जीबी. लॅपटॉप मान टाकायचा. मोठ्या मशीनसाठी अर्ज करून तो दोन महिने वाट बघत बसला होता. साठवण विरळ करायची आणि इन्व्हर्सच्या जागी सॉल्व्ह लिहायचं, एवढाच बदल केला, आणि चहा यायच्या आत उत्तर आलं. त्याला अडवलं होतं ते गरिबीने नव्हे. तो ज्या चार ओळींनी सुटला त्या जगभर फुकट उपलब्ध आहेत : टिम डेव्हिस यांचं सूटस्पार्स, फ्रान्समधलं मम्प्स. गूगलचं सेरेस हे मुक्त सॉफ्टवेअर फोटोंवरून कॅमेरा कुठे होता हे हुडकायला वापरतात, तेही सूटस्पार्सचा आधार घेतं. (सेरेस हे नाव त्या लघुग्रहाचं, जो १८०१ मध्ये सापडून दिसेनासा झाला आणि गॉसच्या गणितामुळे पुन्हा सापडला. नावं ठेवणाऱ्यांना इतिहास ठाऊक होता.) फुकट असलेली गोष्ट माहीत नसल्यामुळे महाग मशीन मागणं, याला मी तरी तंत्रशिक्षण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू मंडळींचा : थेट पद्धती छोट्या संचांना, मोठ्यांना आवर्तनांच्याच. यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही. पत्र्याऐवजी ठोकळा घ्या, शंभर बाय शंभर बाय शंभर. बिंदू तेवढेच दहा लाख. पण आता बांध ही रेषा नाही, भिंत आहे, दहा हजार बिंदूंची. त्या एका भिंतीचं भरगच्च मॅट्रिक्सच दहा कोटी आकड्यांचं. ठोकळा मोठा होत गेला की थेट पद्धतीची दमछाक होते, आणि मल्टिग्रिडसारख्या पद्धती पुढे निघून जातात. पण ‘मोठा’ म्हणजे किती, आणि कसल्या आकाराचा, हे न सांगता पुस्तकातलं ते एक वाक्य पिढ्यांना घोकायला लावणं चुकीचं आहे. आमच्या कामात पातळ पत्र्याची टाकी असते, लोखंडी सांगाडे असतात, एकाच रचनेवर वाऱ्याचे, भूकंपाचे, पाण्याचे पन्नास वेगवेगळे भार असतात. एकदा अवयव पाडले की पन्नास उत्तरं भराभर निघतात. आवर्तनाची पद्धत यातल्या एखाद्या ताठ-लवचीक मिश्रणावर अडकली की रात्रभर फिरत बसते, आणि सकाळी तुम्हाला सांगते की जमलं नाही. थेट पद्धत उत्तर देते, किंवा जागा संपली असं स्पष्ट सांगते. पुलाखालून जाणाऱ्यांना हा फरक महत्त्वाचा वाटावा.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तोच मला सगळ्यात जास्त बोचतो : ‘मुलांना झेपणार नाही.’ अहो, ज्या मुलांना निश्चयक झेपतात त्यांना ठिपके झेपणार नाहीत? उलट इथे तर गंमत अशी की सगळं कुणालाच झेपलेलं नाही. सर्वांत कमी भर पाडणारा क्रम शोधणं हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, हे यानाकाकिस यांनी १९८१ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे कुठल्याही जाळ्यासाठी हमखास सर्वोत्तम क्रम झटपट काढून देणारी रीत कुणालाच सापडलेली नाही. सगळे जण अंदाजाने, चलाखीने चालतात, आणि तरी उत्तम चालतात. ज्या विषयात बारावीचा मुलगा आणि जगातला तज्ज्ञ एकाच कागदावर डोकं खाजवू शकतात, असे विषय किती आहेत? तो आपण फळ्यावर कधी येऊच दिला नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. इन्व्हर्जन मेथडवर जे मार्क जातात त्यातले निम्मे काढा आणि पुढचा प्रश्न घाला. आकडेमोड लागत नाही, पेन्सिल आणि खोडरबर पुरे.

ठिपक्यांच्या रांगोळीसारखे तीन ओळींत तीन-तीन ठिपके काढा. प्रत्येक ठिपका वर-खाली-डावी-उजवीकडच्या शेजाऱ्याशी रेषेने जोडा. बारा रेषा होतील. आता एकेक ठिपका पुसायचा. पुसताना नियम एकच : त्याच्याशी जोडलेले, अजून न पुसलेले जे ठिपके असतील ते सगळे आपसात जोडायचे, आधी जोडलेले नसतील तर. नव्याने काढलेल्या रेषा मोजायच्या. डावीकडून उजवीकडे, ओळीओळीने, शाळेत शिकवल्यासारखे पुसत गेलात तर आठ नव्या रेषा येतात. चार कोपरे आधी पुसले, मग वरचा मधला आणि उरलेले, तर पाच. आता सगळ्यात मधला ठिपका पहिला पुसा, त्याच्यानंतर लगेच वरचा मधला, आणि मोजा.